पुलाच्या कोपऱ्यावरचा चोथा

होंगशी गावात काढा गाळून झाला, की उरलेला चोथा केरात टाकत नाहीत. तो वाटेवर नेऊन टाकतात, जिथे पावले अधिक पडतात अशा जागी. येणारे-जाणारे तो तुडवतात आणि प्रत्येकाच्या तळव्याला लागून आजाऱ्याचे थोडे थोडे दुखणे निघून जाते, अशी तिथली समजूत. गू पेइलानने उभ्या आयुष्यात असा चोथा तुडवला नव्हता. ती औषधांच्या दुकानाची मालकीण होती. त्या समजुतीची तिला भीती नव्हती आणि फारसा आदरही नव्हता. ती चोथ्यापाशी थांबे, काठी टेकवी, मान किंचित वाकवी, आणि वाचून पुढे जाई.

हे वाचणे तिला वडिलांनी शिकवले होते. शाळेच्या वाटेवर दोन्ही मुलींना थांबवून ते विचारत, "सांगा, कोणाच्या घरचा? काय दुखतं त्यांचं?" थोरली पेइलान डोळ्यांनी ओळखी. धाकटी सूये जमिनीवर बसकण मारून नाकाने ओळखी. वडिलांनी दोघींची नावेही वनस्पतींचीच ठेवली होती, आणि दोघींत अधिक तल्लख कोण, हे ते जन्मभर बोलले नाहीत. पेइलानला मात्र उत्तर ठाऊक होते. नाक डोळ्यांच्या पुढे धावत असे.

आता पेइलान शहात्तर वर्षांची होती, सूये एकाहत्तरची, आणि दोघींमध्ये एकतीस वर्षांत एक शब्द झाला नव्हता.

पुलाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर तो चोथा शरद ऋतूत दिसू लागला. पेइलान रोज सकाळी तिथल्या लोबाईच्या टपरीवर गरम टोफूचा वाडगा खाऊन मग दुकान उघडी, त्यामुळे तो तिच्या वाटेतच येई. पहिल्याच दिवशी तिने काठीच्या टोकाने एक काप उलटा केला. छातीच्या दुखण्यावर देतात ती दानशेनची लाल मुळी, तिरकी कापलेली, दारू शिंपडून भाजलेली. प्रत्येक कापावर केसासारखी एक उभी रेघ होती. दुकानातल्या अडकित्त्यासारख्या मोठ्या सुरीच्या पात्याला वडिलांच्या हातून एकदा खाच पडली होती. ती रेघ त्या खाचेची. म्हणजे मुळी तिच्याच दुकानातली. शेजारी रानवेलचीची टरफले. आणि चंदनाच्या ढलप्यांची छोटी मोळी, लाल दोऱ्याने दुहेरी गाठ मारून बांधलेली. चंदन शेवटी टाकायचे आणि सहज काढता यावे म्हणून बांधायचे, ही वडिलांची पद्धत. ती गाठ जगात आता दोनच बायकांना येत होती.

पेइलान बराच वेळ तिथे उभी राहिली. मग तिच्या ओठांवर एक बारीकसे हसू आले, आणि ते तिने कोणाला दिसायच्या आत पुसून टाकले.

त्या हसण्याला जुने कारण होते. एकतीस वर्षांपूर्वी वडिलांच्या हृदयाची एक झडप आकसत चालली होती. सूयेने चेंगडूच्या मोठ्या इस्पितळात चौकशी करून ठेवली होती. तिथे छाती उघडून झडप बदलत. पेइलान तेव्हा घराची कर्ती होती. ती म्हणाली, "गू घराण्याच्या माणसाच्या छातीला परक्याची सुरी लागणार नाही. गावाला काढे आपण द्यायचे, आणि आपल्या घरचं माणूस कापायला पाठवायचं?" वडील काही बोलले नाहीत. आठ महिने त्यांनी थोरलीच्या हातचा काढा घेतला, आणि नवव्या महिन्यात ते गेले. सातव्या दिवशी सूये शेवटच्या भांड्यातला चोथा घेऊन आली आणि भरल्या बाजारात तिने तो दुकानाच्या पायरीवर पालथा केला. "तुडव, ताई. तुझ्या मुळीने बाबांचं दुखणं गेलं नाही, निदान तुझ्या पायाने तरी जाऊ दे." पेइलानने झग्याची किनार उचलली, चोथ्याला वळसा घातला आणि ती आत गेली. तिने मागे पाहिले नाही. त्या दिवसापासून पुलाच्या पलीकडे, जिथे सूयेचे घर होते, तिने पाऊल टाकले नव्हते.

आणि आता तीच सूये तिच्याच मुळीचा काढा पीत होती. पलीकडे सूयेच्या दारासमोर चांगला चौक असताना, पूल ओलांडून मुद्दाम अलीकडच्या कोपऱ्यावर चोथा टाकणे म्हणजे जुने भांडण पुन्हा पायरीवर आणून ओतणे, असा अर्थ पेइलानने लावला. टाकू दे. पण पिते माझीच मुळी.

मुळी कोण नेते, हेही तिला लवकरच कळले. दर दहा दिवसांनी लोबाई दुकानात येई आणि नको तितक्या मोठ्याने सांगे, "मालकीणबाई, दहा पुड्या द्या. माझ्या जावेच्या माहेरी कोणाच्या तरी छातीत जड वाटतं म्हणे." पेइलान एक शब्द विचारत नसे. ती शंभर खणांच्या कपाटाकडे वळे, लाल मुळीचा खण ओढी, आणि वरवरचे काप बाजूला सारून खालचे जाड, गडद काप हातानेच निवडी. वजनाला काटा नेहमी किंचित मुळीकडे झुके. लोबाईच्या ते लक्षात येई. लोबाई गप्प बसे. हा सगळा हिवाळा असाच गेला, आणि पेइलानला मनातल्या मनात वाटू लागले होते, की हा एका तऱ्हेचा समेट आहे आणि याहून अधिक कोणी काही करायची गरज नाही.

नव्या वर्षाचे सण उरकल्यावर एका रविवारी नात मियाओ आली. मियाओ जिल्ह्याच्या इस्पितळात औषधांच्या खिडकीवर काम करत असे. तिने पिशवीतून छापील कागद काढला.

"आजी, हा दुकानात लाव. समोरच लाव, दिसेल असा."

"काय आहे?"

"वाच ना."

"चष्मा वर आहे. तूच वाच. शिकवलंय कशाला तुला एवढं?"

मियाओने वाचले. ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली आहे आणि जे रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात, त्यांनी दानशेन घेऊ नये. दोन्ही एकत्र गेल्यास रक्त गोठायचे थांबते आणि आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो.

"कोणी लिहिलं हे?"

"तज्ज्ञांच्या समितीने."

"त्यातल्या किती जणांनी मुळी हाताने कापली आहे?"

"आजी, इथे कापण्याचा काय संबंध?"

"संबंध नाही? मग वाई मास्तर बरे झाले ते कशाने? चौथ्या गल्लीतली ती शिंपीण, जिना चढताना थांबायची, ती आता पोती उचलते, ती कशाने?"

मियाओने श्वास घेतला. आजीशी वाद घालताना ती नेहमी आधी श्वास घेई. "मास्तर बरे झाले असतील. पण मुळीने झाले, की सिगारेट सोडली म्हणून झाले, हे कसं ठरवायचं? त्यासाठी निम्म्या लोकांना खरं औषध द्यावं लागतं आणि निम्म्यांना तसंच दिसणारं खोटं. कोणाला काय दिलं, ते देणाऱ्यालाही कळता कामा नये. दानशेनवर असे प्रयोग पुष्कळ झालेत, पण बरेचसे लहान आणि घाईघाईचे. काहींत फायदा दिसतो. ठामपणे सांगावा असा नाही दिसत."

"म्हणजे तुमचं अजून काही ठरलेलंच नाही! आणि निघाले कागद लावायला."

"फायद्याचं ठरलेलं नाही. या गोळीबरोबरच्या धोक्याचं ठरलंय. माणसं दगावलीत, आजी, त्यांच्या नोंदी आहेत." मग ती जरा नरमली. "आणि तुझ्या मुळीत काही दमच नसता ना, तर हा कागद निघालाच नसता. ती खरी आहे, म्हणूनच घात करते."

"चहा निवला तुझा," पेइलान म्हणाली.

मियाओ गेल्यावर तिने कागदाची चौपदरी घडी घातली आणि कपाटातल्या सर्वांत खालच्या, कोपऱ्यातल्या खणात ठेवली. त्या खणातले औषध वर्षातून एकदाही कोणी मागत नसे. वडिलांच्या हातची सुरी ज्या दुकानात चालते, तिथल्या भिंतीवर त्याच मुळीची बदनामी टांगायची, हे तिच्याने होणार नव्हते. शिवाय होंगशीत धातूची झडप होती कोणाच्या छातीत?

पुढच्या मंगळवारी लोबाई पुड्या न्यायला आली. दुकानात तिसरे माणूस नव्हते. पेइलान काप निवडत होती आणि लोबाई बाकावर बसून पाय चोळत होती. गप्पा मारायची तिला फार हौस.

"थंडी काय पडली यंदा! त्यांचे तर हात बघवत नाहीत हो. निळे-काळे डाग नुसते. जरा कशाचा धक्का लागला की डाग. दात घासले की तोंड लाल."

पेइलानचा हात खणात थांबला. "कोणाचे?"

"ते... जावेच्या माहेरचे."

"लोबाई, तुमच्या जावेला माहेरच नाही. ती अनाथाश्रमातून आलेली. कोणाचे हात?"

लोबाईने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. "तुम्हाला ठाऊक आहे, मालकीणबाई. पहिल्यापासून ठाऊक आहे. मग मला कशाला वदवता? शपथ घातलीय मला."

"शपथ माझ्यावर. डाग कधीपासून?"

"महिना झाला असेल. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. तर म्हणाल्या, म्हातारपणाची नक्षी आहे. आणि ते छातीतलं घड्याळ आहे ना, त्याच्यामुळे मला तर जवळ बसायला धास्तीच वाटते. टिक-टिक, टिक-टिक. माणूस बोलायचं थांबलं की ऐकू येतं."

"कसलं घड्याळ?"

"अगंबाई, हे नव्हतं ठाऊक?" लोबाई उभी राहिली. "भाद्रपदात लेकीकडे गेल्या होत्या ना महिनाभर? ते लेकीकडे कसलं! चेंगडूला छाती उघडून धातूची झडप बसवली. बाबांचंच दुखणं म्हणे. रोज गोळी घेतात, रक्त तपासून येतात. कोणाला सांगायचं नाही म्हणाल्या. विशेषतः..." तिने वाक्य गिळले.

पेइलानच्या मुठीतले काप खणात परत पडले. चेहऱ्यावर तिने काही उमटू दिले नाही. पन्नास वर्षे लोकांच्या तोंडावर त्यांची दुखणी वाचताना स्वतःचा चेहरा बंद ठेवायची तिला सवय होती.

"आज पुड्या नाहीत," ती म्हणाली. "तिला सांगा, मुळी आजपासून बंद. एक घोटसुद्धा नाही. गोळीशी मुळीचं वैर आहे. घरात किती पुड्या उरल्यात?"

"चार-पाच असतील."

"त्या नदीत टाका म्हणावं. जा. आत्ता जा, टपरीचं नंतर बघा."

लोबाई अर्ध्या तासात परत आली. ती दाराशीच उभी राहिली.

"म्हणाली काय?"

"जसंच्या तसं सांगू?"

"मग काय शिजवून सांगणार आहात?"

लोबाईने खाली बघून सांगितले. "म्हणाल्या, 'एकतीस वर्षं तिची मुळी गावाला बरं करत होती, आणि माझ्या पोटात गेल्यावर विष झाली होय? बाबांना पाजताना तिने हे म्हटलं असतं तर? तिला म्हणावं, निरोप नको. माझं दार उघडं आहे. स्वतःच्या तोंडाने सांग, मुळीने माणूस जातं म्हणून. मग बंद करते.'"

पेइलानने हाततराजू कापडाने पुसला, तो आधीच स्वच्छ होता, आणि खुंटीला टांगला. सूये काय मागत होती, ते तिला लख्ख कळले होते. मुळीचा दोष तोंडाने उच्चारायचा, तोही पूल ओलांडून, त्या घराच्या उंबऱ्यात उभे राहून. तेवढे एक वाक्य बोलले, की वडिलांचे ते आठ महिने पुन्हा उघडे पडणार होते. आणि न बोलले, तर चार-पाच पुड्या.

त्या संध्याकाळी तिने खालच्या खणातला कागद काढून लोबाईच्या हाती पाठवला. लोबाई तो परत घेऊन आली. "म्हणाल्या, छापील अक्षर ओळखीचं नाही."

बुधवारी सकाळी पेइलानने निळा रेशमी कोट घातला, केस विंचरून घट्ट अंबाडा बांधला आणि काठी घेऊन ती निघाली. कोपऱ्यावर ताजा चोथा पडला होता, अजून वाफाळता. लाल दोरा, दुहेरी गाठ. तिने वळसा घातला आणि पुलावर पाऊल ठेवले. पूल तसा लहानच, साठ पावलांचा. तिसावे पाऊल पडले तेव्हा तिने मान वर केली. समोरच्या खिडकीत सूये बसली होती. केस पार पांढरे झालेले, खांदे आईसारखे खाली ओघळलेले. ती पेइलानकडेच बघत होती. तिच्या तोंडावर हसू होते.

ते हसू कसले, हे पेइलानला त्या अंतरावरून वाचता आले नाही. चोथा वाचणे सोपे होते. तिला ते जिंकल्याचे हसू वाटले. भर बाजारातल्या त्या सकाळी पायरीवर उभी असलेली, भांडे पालथे करणारी सूये तिला दिसली. पुलावरून दोन भाजीवाल्या चालल्या होत्या. त्या थबकून बघू लागल्या. गू घराण्याची थोरली एकतीस वर्षांनी पूल ओलांडते आहे, ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या चहाच्या दुकानांत पोचणार होती.

पेइलानने खिशातून रुमाल काढला, काही विसरल्यासारखे केले आणि ती माघारी वळली.

दुपारी तिने मियाओला फोन लावला. कोणाचे नाव न घेता तिने विचारले, "असं कोणी पाच महिने गोळी आणि मुळी दोन्ही घेत असेल, आणि अंगावर डाग येत असतील, तर किती दिवस हातात असतात?"

"आजी, कोण आहे?"

"विचारलंय तेवढं सांग."

"दिवस मोजायचे नसतात. आजच्या आज रक्त तपासायला आणायचं. कोण आहे ते? लहान आजी आहे का?"

"उद्या सकाळी मी जाते," पेइलान म्हणाली. "स्वतः जाते."

"उद्या कशाला? आत्ता जा! मी गाडी पाठवते इस्पितळाची, पत्ता सांग फक्त."

"गाडी पाठवलीस तर ती दार लावून घेईल. तू तिला ओळखत नाहीस. मी सांगितल्याशिवाय ती ऐकणार नाही."

हे खरे होते. आणि त्या सत्याच्या आडोशाला पेइलानने आपली आणखी एक दुपार काढून घेतली, हेही खरे होते. मनात वाक्य जुळवायला तिला वेळ हवा होता. मुळी वाईट नाही, पण. बाबांच्या वेळी आपल्याला ठाऊक नव्हते, पण. प्रत्येक वाक्यात एक 'पण' उरत होता आणि सूयेला तो चालणार नव्हता.

गुरुवारी सकाळी ती साध्या सुती कोटात निघाली. कोपऱ्यावर चोथा होताच; काल रात्रीच्या दवाने भिजलेला नव्हता, आजचाच होता. तिने पूल ओलांडला. कोण बघते आहे, हे तिने बघितले नाही. सूयेच्या घराचे दार खरोखरच उघडे होते. चुलीवर मातीचे काढ्याचे भांडे पालथे घालून ठेवले होते, मेजावर अर्धा वाडगा काळसर लाल काढा होता. त्याला अजून ऊब होती. एक खुर्ची आडवी पडली होती.

"ताई? तुम्ही थोरल्या ताई ना?" शेजारची बाई ओल्या हातांनी दारात आली. "आत्ताच नेलं हो. डोकं धरून ओरडल्या, आणि मग बोलेचनात. लेक हल्ली इथेच असते म्हणून बरं झालं. जिल्ह्याच्या इस्पितळात नेलंय."

पेइलानने तो वाडगा उचलला. चव घ्यायची गरज नव्हती, तरी घेतली. बाबांच्याच हातची चव. सूयेला ती अचूक साधली होती, पेइलानला कधी साधली नव्हती इतकी.

इस्पितळात मियाओ दारातच भेटली आणि तिने आजीचा दंड धरून तिला आत नेले. मेंदूत रक्त उतरले होते. तरुण डॉक्टर सूयेच्या मुलीला, हुइयिंगला, विचारत होता, "आणखी काही औषध चालू होतं का? आठवून सांगा."

"नाही हो. आईला दर वेळी विचारायचे तुम्ही लोक, ती नाही म्हणायची. फक्त घरचा काढा प्यायची. ते काही औषध नाही."

"दानशेन," पेइलान दारातून म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिले. तिचा आवाज दुकानात गिऱ्हाइकाला मात्रा सांगताना असतो तसा स्वच्छ होता. "रोज पंधरा ग्रॅम, पाच महिने. काटा मुळीकडे झुकलेला, म्हणजे सोळा धरा. दारूत भाजलेली, म्हणून जोर अधिक. सोबत चंदन आणि रानवेलची. मुळी माझ्या दुकानातली. माझ्या हाताने निवडलेली. त्या मुळीने हिचं रक्त थांबत नाही."

डॉक्टरने ते लिहून घेतले. औषधे बदलली गेली, रक्त चढवले गेले. सगळे घाईने आणि सगळे थोडे उशिरा.

पेइलान खाटेजवळच्या स्टुलावर बसली. यंत्रे होती, माणसे ये-जा करत होती. पण एकदा सगळे क्षणभर बाहेर गेले आणि खोलीत शांत झाले. तेव्हा तिला ते ऐकू आले. टिक. टिक. धाकटीच्या छातीतून, ठरल्या वेळी, एक छोटे दार उघडत आणि मिटत होते. बाबांना हे मिळू शकले असते. मिळाले असते तर ते जगले असते की नाही, ते आता कोणी सांगू शकत नव्हते. मियाओच्या प्रयोगांनाही ते सांगता आले नसते. पण मिळू शकले असते.

"सूये," ती वाकून म्हणाली, "मुळीने माणूस जातं." मग थोड्या वेळाने, कोणतेही 'पण' न घालता, पुन्हा एकदा म्हणाली.

टिकटिक शुक्रवारी दुपारी थांबली.

थोरल्यांनी धाकट्यांसमोर वाकायचे नसते. म्हणून अंत्यविधीत पेइलान ताठ उभी राहिली. दंडाला पांढरी पट्टी बांधायचीही तिला मोकळीक नव्हती. लोक येऊन गेले, कागदाची नाणी जाळून झाली. शेवटी आवरताना हुइयिंग तिच्याजवळ येऊन बसली. पोरीचे डोळे सुजले होते. पेइलानने तिच्या शिव्यांची वाट पाहिली. त्या तिला हव्या होत्या.

"मोठी मावशी," हुइयिंग म्हणाली, "एक विचारू? तुम्ही तो चोथा एकदाही तुडवला नाही ना?"

"नाही."

"आई रोज खिडकीत बसायची. ऑपरेशननंतर तिला पन्नास पावलं चालून धाप लागायची, तरी चोथा टाकायला पूल ओलांडून जायची. मी म्हटलं, समोरच्या चौकात टाक की! तर म्हणाली, 'चौकात टाकला तर ताईला कसा दिसेल? बाबांचा दोरा बघितला की ती ओळखेल. लहानपणी अशीच ओळखायची.' मग तुम्ही थांबलात, काठीने उलटसुलट केलंत, की टाळी वाजवायची. 'वाचलं! वाचलं तिने. आता येईल बघ.'" हुइयिंगने नाक पुसले. "पाच महिने रोज तेच. बुधवारी तुम्ही पुलावर आलात ना, निळा कोट घालून? केवढी हसली ती! धावत जाऊन चहाचं पाणी ठेवलं. दोन वाट्या काढल्या."

पेइलानने खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला.

"मी विचारलं तिला, मावशी मुळी बंद कर म्हणते तर कर की बंद. म्हणाली, 'बंद केली तर ती कशाला येईल? ती येऊन सांगेपर्यंत पिणार.' मला काय ठाऊक, मावशी? मला वाटलं, दोन म्हाताऱ्यांचा रुसवा आहे."

बाहेर ऊन कलत होते. पेइलान उठली, तिने हुइयिंगच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काठी घेऊन निघाली. पूल तिने सावकाश ओलांडला. अलीकडच्या कोपऱ्यावर गुरुवारचा चोथा अजून होता. तीन दिवसांच्या पायांनी पसरलेला, वाळलेला. लोबाई टपरी बंद करून झाडू घेऊन आली होती. मालकीणबाईंना पाहून ती ओशाळली.

"झाडून टाकते म्हटलं. बघवत नाही."

"राहू द्या, लोबाई."

पेइलानने काठी लोबाईच्या हाती दिली. झग्याची किनार तिने या वेळी उचलली नाही. दोन्ही पाय जवळ घेऊन ती त्या चोथ्यावर उभी राहिली. वाळलेले काप तळव्याखाली चुरचुरले. चंदनाची मोळी टणक होती, ती टोचली. ती तशीच उभी राहिली, पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून, कोणाला तरी नीट दिसावे अशी. भाजीवाल्या थबकल्या, पुढे गेल्या. लोबाई काठी छातीशी धरून रडत होती.

सोमवारी दुकान उघडले तेव्हा खालच्या खणातला कागद समोरच्या खांबावर चिकटवलेला होता. त्याच्याखाली जाड कुंचल्याने, पेइलानच्या ठसठशीत अक्षरात, तीच सूचना पुन्हा लिहिलेली होती; ज्यांना छापील अक्षर ओळखीचे नाही त्यांच्यासाठी. खाली दुकानाचा शिक्का होता. शिक्क्याशेजारी खिळ्याला लाल दोऱ्याची, दुहेरी गाठीची एक छोटी मोळी लटकत होती, आणि ती कशाची, असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला पेइलान आधी विचारत होती, "तुमच्या घरी कोणी रक्त पातळ करायची गोळी घेतं का? नीट आठवून सांगा. मी थांबते."